म्हात्र्यांनी दिलेलं घड्याळ

हात धुण्याआधी कर्णिकसाहेब मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे द्यायचे. घड्याळ पाणबुड्यांचं, समुद्रात दोनशे मीटर खोल नेलं तरी आत थेंब शिरणार नाही असं. आणि साहेब त्याला कारखान्याच्या नळाचं पाणी लागू देत नसत. मी हसलो की म्हणायचे, "पाटील, नंबराची वस्तू आहे. हिला भावंडं मोजकी."

अंबरनाथच्या कारखान्यात ते आमच्या मेंटेनन्सचे प्रमुख. त्याआधी बोटीवर इंजिनीअर होते. तेव्हा त्यांनी अशी चार घड्याळं जमवली. कंपनी ती थोडीच बनवायची, प्रत्येकाच्या मागच्या झाकणावर त्याचा क्रमांक कोरायची आणि पुन्हा कधी बनवायची नाही. मी शिरगावच्या भातशेतीतून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर. इंग्रजी रिपोर्ट लिहायला मला साहेबांनी शिकवलं, एकदाही न हसता. त्यामुळे त्यांची काळजी ती माझी काळजी होऊन बसली.

त्यांच्या मुलीचं, मीनलचं लग्न ठरलं. साखरपुड्यात जावयाला काळ्या तबकडीचं चौथं घड्याळ द्यायचं त्यांनी कबूल केलं. तीन घड्याळं त्यांनी स्वतः दुकानातून घेतली होती. हे मात्र बोटीवरचे दोस्त म्हात्रे यांनी निरोप घेताना त्यांच्या हातात ठेवलं होतं. म्हात्रे पुढे वारले.

नवा पट्टा घ्यायला आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. दुकानदारानं घड्याळ उलटं केलं आणि खूश झाला.

"साईं, क्या नकल है! ऐसा माल तो अपने कॅम्प में ही बनता है. पीछे नंबर कौनसा मंगता? शाम तक ठोक देगा."

मी चिडलो. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. स्टेशनजवळ आल्यावर म्हणाले, "पाटील, नंबर खरंच कुणीही ठोकू शकतं का रे?"

त्या दिवसापासून त्यांचं लक्ष उडालं. डबा खाताना मध्येच भिंग काढून कोरलेले आकडे बघत. घड्याळ या तळहातावर, त्या तळहातावर तोलत. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "अहो, भरल्या ताटावरून उठतात. म्हणतात, जावयानं उद्या कुठे दाखवलं आणि खोटं निघालं तर? पोरीला जन्मभर टोमणा!"

खरं-खोटं आतल्या मशीनवरून कळलं असतं. शेवटी बदलापूरच्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी झाकणाला चावी लावली. "उघडू ना?"

साहेबांनी एकदम घड्याळावर पंजा ठेवला. "नको. राहू द्या."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "साहेब, मग कळणार कसं?"

"खोटं निघालं तर म्हात्रे खोटा ठरणार. तो उत्तर द्यायला येणार आहे का? आणि खरं निघालं, तर मेलेल्या दोस्ताची मी झडती घेतली, एवढंच उरेल."

"आणि जावई?"

"त्याला माझं पहिलं देतो."

ते घड्याळ त्यांनी बोटीवरच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. आम्हाला बोटसुद्धा लावू देत नसत.

साखरपुड्याला तेच जावयाच्या मनगटावर बांधलं. म्हात्र्यांचं साहेबांच्या हातावर होतं. पंगत बसली. मुलाच्या वडिलांनी लेकाचा हात धरून घड्याळ निरखलं आणि चारचौघांत हसले, "व्वा! कॅम्पातलं ना हो? अगदी हुबेहूब!"

लोक हसले. जावयानं बाही खाली ओढली. मीनलची मान खाली गेली. मी पानावरून उठतच होतो, तेवढ्यात साहेबांनी माझा खांदा दाबला.

"बस. मुलीचं सासर आहे ते."

त्यांनी वाढप्याच्या हातून जिलेबीचं ताट घेतलं आणि व्याह्यांपुढे वाकले. आवाज नेहमीचाच.

"घ्या व्याहीबुवा, अजून एक. नाही म्हणायचं नाही."