तुसाचा कोळसा आणि बाबांचे दात

भाताच्या गिरणीतला तूस हा आमच्या घरी सध्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मी ठाकुर्लीची, पीएचडी ठाण्यातल्या एका कॉलेजात. काम सांगायला सोपं: तूस हवा न लागू देता भट्टीत भाजायचा, क्षार मिसळून पुन्हा तापवायचा, मग पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा. उरतो तो बारीक बारीक भोकांचा कोळसा, आणि त्या भोकांत धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड अडकून बसतो. बसावा, अशी अपेक्षा असते. माझ्या कोळशाला बरेच महिने ती अक्कल नव्हती.

मग एक घाणा जमला. एकच. कॉलेजातल्या छोट्या चाचणीत त्याने असा काही वायू धरला की मी ओरडलेच. माझ्या गाइड मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "एकदा जमलं तर योगायोग. मोठ्या मशीनवर बघू." ते मशीन दुसऱ्या संस्थेत. सकाळी परस्पर तिकडेच जायचं म्हणून मी त्या कोळशाच्या पुडीची बाटली घरी आणली. आईने टेबल पुसताना ती उचलून बेसिनच्या फळीवर ठेवली.

सकाळी बघते तर बाबा बेसिनपाशी, तोंड काळंकुट्ट, आणि ओलं बोट बाटलीत.

"झकास आहे गं," ते म्हणाले. "गावच्यासारखी. मला वाटलं, माझ्यासाठीच केलेलीस."

कोकणात त्यांच्या लहानपणी तूस जाळून राखुंडी करत आणि तिनेच दात घासत. टूथपेस्टमध्ये राम नाही, हे पालुपद मी जन्मापासून ऐकतेय. आधी त्यांना चुळा भरायला लावल्या, मग कडाकडा भांडले. अर्धी बाटली दातांवर गेलेली, उरलेली थुंकीने ओली. मशीनवर नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि तसा घाणा पुन्हा जमेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

रविवारी बाबा कल्याणपलीकडच्या गिरणीतून तुसाचं पोतं घेऊन आले आणि गॅलरीत सूप घेऊन पाखडायला बसले. "खडे नकोत ना तुला?" एवढंच बोलले. तूस उडून खालच्या काकूंच्या पापडांवर बसला. काकूंनी जे सुनावलं ते आईने आम्हा दोघांच्या वतीने ऐकून घेतलं. मला हसू फुटलं आणि राग तिथेच संपला.

त्या तुसाचा घाणा करून मी मोठ्या मशीनवर लावला. स्क्रीनवरची रेघ चढत गेली, चढतच गेली. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्यांदाही आलं. आता लिहायला घे."

मी तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी पहिल्या रिंगलाच उचलला.

"पकडला?"

"पकडला, बाबा."

"शाब्बास! आता सोडू नकोस हां त्याला."

पुढच्या चाचणीत कोळसा तापवून तो वायू सोडूनच द्यायचा होता, कोळसा पुन्हा कामाला येतो का ते बघायला. पण बाबा इतके खूश होते, की मी म्हटलं, "नाही सोडणार."