डावऱ्या हाताची गाठ

आधीच स्पष्ट सांगते — भूतखेत, आत्मे, संकेत असल्या मंडळींना मी दारात उभंसुद्धा केलेलं नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. आमच्या धंद्यात जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती घडलीच नाही असं धरून पुढे जातात. तरी हे लिहितेय, कारण ते पुन्हा करून बघायचा मी जिवाचा आटापिटा केलाय… आणि हरलेय.

२००६ सालचा हिवाळा. आम्ही कॅरीला राहतो, नॉर्थ कॅरोलिनात. माझं माहेर कोल्हापूर. बाबांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी दुकान बंद आणि बाबा पंचगंगेवर गळ टाकून बसलेले, शेजारी मी. दादाला मासे फक्त ताटात आवडायचे. बाबा डावरे. गळ बांधायची त्यांची स्वतःची एक गाठ होती — नायलॉनच्या दोऱ्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत तंगुसाला, उलट्या बाजूने वेढे द्यायचे, थुंकी लावून आवळायचे आणि उरलेल्या शेंडीच्या टोकाला आणखी एक बारीक गाठ मारायची. "शेंडी सुटली की मासा सुटला," म्हणायचे. मी उजवी. लहानपणी त्या गाठीपायी कितीदा रडले, पण ती काही जमली नाही.

इकडे आल्यावर मी डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातले मासे पकडायला लागले. गाठ बांधायला एका दुकानदाराने शिकवलं, साधी गाठ. हिवाळ्यात आमच्या त्या ओढ्यावर मासा पकडून परत सोडून द्यावा लागतो, तसा नियमच आहे, हे ऐकून बाबा फोनवर हसले होते. चार तास गाडी हाकायची, मासा धरायचा आणि सोडायचा — तुमच्याकडं रिकामटेकडे लई दिसतात, म्हणाले.

डिसेंबरात बाबा गेले. हार्ट अटॅक. मी नुकतीच नोकरी बदललेली, व्हिसाचे कागद अडकलेले. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. दादाला मी हे समजावत होते, तर तो मधेच म्हणाला, "नको येऊस. तू बस तिकडंच मासं मारत." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा फोन घेतलाच नाही. आई आधीच गेलेली. दादा तुटला म्हणजे माहेरच संपलं, हे मला लख्ख कळत होतं.

रडण्याआधी मला संताप आला. मासं मारत बस म्हणतोस ना? बसते! सुतक फिटल्यावरच्या शनिवारी पहाटे मी नवऱ्याला, मंदारला उठवलं. तो पुण्याचा, त्याने शांतपणे सांगितलं की बाहेर गोठणबिंदूखाली आहे आणि शहाणी माणसं झोपलेली आहेत. मग मुकाट्याने गाडी काढली.

पोचलो तेव्हा जमिनीवर ताज्या बर्फाचा पातळ थर होता. मंदार गाडीत हीटर लावून आडवा झाला. मी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पाण्यात उतरले. गळाच्या काठीवर दोरा ओवलेल्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता, तो बोटांनी फोडायचा आणि परत दोरा फेकायचा. दुपारपर्यंत एक मासा नाही. वर गळ दगडात अडकून तुटला.

काठावर येऊन नवा गळ बांधायला घेतला. त्याला पिसं-दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. बोटं बधिर. दोरा भोकात जाईना, गेला तर वेढा पडेना. तीनदा सुटला. शेवटी एका सपाट दगडावर गळ ठेवला, दोऱ्याचं टोक शेजारी, वरून टोपी. चार पावलांवर थर्मास होता. पाठ करून चहा ओतला, कप दोन्ही हातांत धरला आणि तिथेच हमसून रडले. बाबांना मोठ्याने म्हटलंसुद्धा, "मला यायचं होतं हो."

चहा संपवून टोपी उचलली. गळ बांधलेला होता.

वाटलं, मीच बांधला असेल, थंडीत भान राहत नाही. मग नीट पाहिलं. वेढे उलटे. शेंडीच्या टोकाला बारीक गाठ.

आजूबाजूला बर्फात फक्त माझ्या बुटांचे ठसे. गाडीत मंदार घोरत होता, आणि तसंही त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

घाबरले का? नाही. मी तो गळ पाण्यात टाकला. दुसऱ्याच फेकीला खोल डोहातून ट्राउट आला, वीतभर लांब, अंगावर लाल ठिपके. पाण्यातच धरून सोडून दिला. मग गाठीच्या वरून दोरा कापला आणि कॅमेऱ्याच्या फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवला.

त्यानंतर कित्येक संध्याकाळी मी किचनच्या सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ती गाठ बांधून बघितली. डाव्या हाताने, आरशात बघून, सगळं करून झालं. नाहीच आली.

उन्हाळ्यात कागद सुटले तशी कोल्हापूर गाठलं. दादा दुकानात चाक सरळ करत बसला होता. ये म्हणाला नाही. मी भांडले नाही, फक्त डबी उघडून त्याच्या हातावर ठेवली. त्याने गाठ उजेडात धरली, बोटाने फिरवली. मग उठून बाबांचा गळांचा डबा काढला आणि त्यातला एक गळ शेजारी ठेवून बघितला.

"बाबांनी तुला कधी पाठवला हा?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, वेड्यात काढेल. तो खाली मान घालून चाकाच्या तारा पुसायला लागला.

"लई थंडी होती काय गं तिथं?" पुसता पुसता म्हणाला. "त्यांच्याकडं अर्ध्या बाह्यांचाच स्वेटर होता."

आणि मग आम्ही दोघं त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरांसारखे रडलो.

मंदारकडे या प्रकाराची दोन-तीन शास्त्रीय कारणं आहेत. मला एकही पटत नाही, आणि माझ्याकडे तर एकही नाही. पण आता हिवाळ्यात त्या ओढ्यावर जाते तेव्हा बॅगेत पूर्ण बाह्यांचा एक स्वेटर जास्तीचा असतो. दादाने पाठवलाय.