बिबट्याच्या मेव्हण्याचं खरं नाव

मी वाडी सोडली त्या दिवशी घोडेगावला जाणारी एसटी उजवीकडे कलली होती. टायर बसला होता असं लोक सांगतात. साफ खोटं. उजवीकडच्या खिडकीत मी होतो आणि मांडीवर आईने दिलेलं सामान होतं: तांदूळ, नाचणीचं पीठ, सुके बोंबील आणि पोट बिघडलं तर असावा म्हणून बाळहिरडा. हिरडा एवढा, की अख्ख्या ओमानचं पोट साफ झालं असतं. सोडायला दोनशे माणसं आली होती. बरं, चाळीस असतील, बाकीची कुत्री. धाकटा भाऊ किसन रडू येऊ नये म्हणून ड्रायव्हरशी भांडत होता. आई खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "तिकडं जपून बोल, सुदाम. तुझी जीभ तुझ्या आधी पोचती."

वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं पोटामागे निघून गेलेल्यांनो, तिचं म्हणणं खरं ठरलं, म्हणून हे लिहितोय.

मस्कतमध्ये मी लिफ्ट दुरुस्त करतो. गावात एक हंडा पाणी वर न्यायला आमची पिढी गुडघ्यातून गेली. इथे मी सतराव्या मजल्यावरच्या बाईच्या मांजराला बोटाच्या टोकावर वर-खाली करतो. पण इथे मला नावाने कोणी हाक मारत नाही. सुपरवायझर बॅजचा नंबर पुकारतो. कामगारांच्या कॅम्पात मी 'ए महाराष्ट्रा'. वाडीत किसनने नुसतं "दादा" म्हटलं तरी पलीकडच्या डोंगरावरची गाय मान वर करायची. माझं नाव इथे कपाटात ठेवलेल्या लग्नाच्या कोटासारखं झालं. त्यामुळे दुसरं घेताना काही वाटलंच नाही.

आपण सगळे ज्या ॲपवर पडीक असतो, तिथे सहा वर्षं मी 'बिबट्याचा मेव्हणा' या नावाने लिहीत होतो. फोटोही बिबट्याचाच. जुन्नर-आंबेगावात हे नातं सांगितलं तर पुरावा कोण मागतो? बिबट्याने ग्रामसभेला बसून कोरम कसा पूर्ण केला, ऊसतोडीच्या टोळीने त्याला मुकादम कसं समजलं, असलं काहीबाही. घोडेगावपासून निमगाव सावापर्यंत लोक वाचायचे आणि एकमेकांना विचारायचे, हा नक्की कोण?

मग शेठ आला. बाहेरच्यांसाठी सांगतो, शेठ म्हणजे जमिनीचा एजंट. आमची भातखाचरं आणि वरचा हिरड्याचा उतार त्याला बंगल्यांसाठी हवा होता. पण उतार सामाईक. भाऊकीतल्या प्रत्येकाची सही लागते, माझीसुद्धा. तो घरोघर गोड बोलत फिरू लागला. मी लिहिलं, शेठने एकच डोंगर सकाळी एकाला विकला, दुपारी दुसऱ्याला, आणि दिवस मावळायच्या आत डोंगर स्वतः उठून तहसील कचेरीत तक्रार द्यायला गेला. तिथे त्याला सांगितलं, साहेब जेवायला गेलेत. लोक पोट धरून हसले. हसलेला माणूस सही करत नाही. हे माझ्या ध्यानात नंतर आलं. शेठच्या आधीच आलं असावं.

गेल्या महिन्यात ॲपचा निरोप आला. खरं नाव द्या, ओळखपत्र जोडा, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर खातं बंद.

माझा खोलीतला सोबती पोपट निमगाव सावाचा. तो म्हणाला, "बंद कर की. लिफ्टमध्ये बस आन् खाली-वर थापा मार."

"आणि मग शेठला सह्या मिळाल्या तर?"

"मग दे नाव, राव. बिबट्या काय, तू त्याचा मेव्हणा. त्याला पिंजरा लावतील, तुला थोडाच?" मग तो हसायचा थांबला. "घरी कोण हाय?"

"आई आणि किसन."

"मग त्यांना इचार. शेठ काय मस्कतला येत न्हाई."

शुक्रवारी सुट्टी. जेवणं उरकल्यावर फोन लावला आणि किसनला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. पलीकडे फक्त कोंबडी ओरडत होती.

"दादा," तो म्हणाला, "कुणापासून लपवतुयास?"

"शेठपासून."

"त्याला पावसाळ्यापास्नं ठावं हाय."

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या वाडीत हिरड्याच्या झाडांना नावं असतात. भाऊ वेगळे झाले की खाचरं कागदावर वाटली जातात, सामाईक उतारावरची झाडं नावांनी. आमच्या वाट्याच्या सगळ्यात जुन्या झाडाचं नाव काणी. आज्याने ठेवलेलं, का ते कोणालाच माहीत नाही. कुठल्या कागदावर नाही, पण कोणती कोणाची हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी शहाण्याने एका गोष्टीत लिहिलं होतं, बिबट्या काणीखाली सासुरवाडीचा पाहुणचार घेत बसला होता. स्वतःचं नाव, बापाचं, वाडीचं, सगळं झाकलं आणि झाडाचं लिहून बसलो.

"दुपारचा आला," किसन सांगत होता. "आईच्या हातचा च्या पिला. म्हनला, आजी, ती काणी कंची वं? लई ऐकलंय तिच्याबद्दल. आईनं बोट दावलं. तिला काय ठावं?"

"मग?"

"मग आठ दिसांनी वर गेलो. बुंध्याची साल काढल्याली. हातभर रुंद, गोल, सगळ्या बाजूनं, उभी वाळावी म्हनून. कुऱ्हाड न्हाई, काय न्हाई. एकदम सफाईचं काम."

"मला का नाही सांगितलं?"

"आजून हिरवी हाय," तो म्हणाला. "वाळंस्तवर सांगनार न्हवतो."

मग हळूच म्हणाला, "बंद कर ते, दादा. मला रोज त्याच्या गाडीजवळनं जावं लागतंय. फाट्याला उभी असती. काच खाली करतो आन् मला रामराम घालतो. बास, रामराम."

मग फोन आईने घेतला. "बंद कर न्हाईतर चालू ठेव," ती म्हणाली. "पर लिवायचं तर तुझं नाव लिव. झाडाचं नगं."

मी खोटं कशाला बोलू? म्हणजे एरवी बोलतो, आज नाही. त्या खोट्या नावाने वाचवलं कोणाला? मला. आणि मला इथे कोण मारणार होतं? फाट्यावर किसन आपल्या खऱ्या नावानिशी एकटा जात होता, आणि मी समुद्रापलीकडे बिबट्याच्या कातड्यात बसून शेरेबाजी करत होतो.

महिना संपायच्या तीन दिवस आधी ओळखपत्र जोडलं. बिबट्याचा फोटो काढला, माझा लावला. त्यात मी जरा दमलेला दिसतो. मग नाव, बापाचं नाव, आडनाव, वाडी, आणि खाली लिहिलं: काणीची साल काढली आहे. उताराला माझी सही मिळणार नाही. एवढंच. एकही विनोद नाही, एकही थाप नाही.

एरवी माझ्या थापांवर तासाभरात शेकड्याने अंगठे पडायचे. यावर दिवसभरात चार. पोपटाचा धरून. सगळ्यांनी वाचलं होतं, हे मला ठाऊक आहे. नाव खोटं होतं तोवर सगळे माझे होते.

पाचवा अंगठा शेठचा. सोबत जोडलेले हात आणि निरोप: "छान लिहिता. उगीच लपून लिहीत होता. गावाला कधी येताय?"

आई हेच विचारते, दर शुक्रवारी, फोन ठेवताना. शब्दही तेच. इतकी वर्षं घर म्हणजे मला हा प्रश्न होता. कोणीतरी विचारतंय, म्हणजे तिथे माझं ताट आहे. आता तो दोघे विचारतात, आणि दोघेही मनापासून.

सुट्टीचा अर्ज दिला आहे. सुपरवायझरने सहीही केली. शेठला उत्तर दिलेलं नाही. आईला तारीख कळवली आणि बजावलं, कोणाला बोलू नकोस, शेजारी नाही, भाऊकीत नाही. आपल्याच घरी जायचं तर असं जायचं असतं, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तारीख तुम्हालाही सांगत नाही.