दोन ओळी मीच पुसल्या होत्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसातल्या भागीदाराला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या शिवगोंडा अण्णांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल — ओळखीच्या माणसासमोर या विषयावर माझं तोंड उघडत नाही, हे मी करून पाहिलंय.

मी कोल्हापुरात सॉफ्टवेअर लिहितो. राजारामपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं — नाव राहू दे — ऊसतोडीचा क्रम लावायचं काम मिळालं. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. इथं तोडीच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. ज्याचा ऊस आधी लावला त्याला तोड आधी, हा नियम; आणि तो वशिल्यानं वाकतो, ही सगळ्यांची खात्री. म्हणून यादी माणसाच्या हातातून काढून घ्यायची होती. कॉम्प्युटरला पैपावणं नसतात, असं एक संचालक म्हणाले होते. मला ते वाक्य आवडलं होतं.

हिशोब सोपा होता. उसाचं वय दिवसांत घ्यायचं, रान पुराच्या पाण्यात होतं तेवढे जादा दिवस त्यात मिळवायचे, आणि ज्याची बेरीज मोठी त्याला पुढं घ्यायचं. जावास्क्रिप्टमध्ये दहा-बारा ओळींचं फंक्शन. या भाषेची एक खोड आहे. फंक्शनला दिलेली गोष्ट आकडा आहे की मजकूर, हे ती आपणहून विचारत नाही. दोन आकडे आले तर बेरीज करते. त्यातला एक जरी मजकूर म्हणून आला, तर दोन्ही शेजारीशेजारी चिकटवते — आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढं जाते. म्हणून फंक्शनच्या तोंडाशीच मी दोन ओळी लिहिल्या होत्या: आलेलं वय आकडा नसेल तर तिथंच थांब. नव्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवतो.

अण्णा हे कारखान्याच्या हातकणंगल्याकडच्या एका गटाचे क्लार्क, पन्नाशी उलटलेले. बाकीचे क्लार्क लागणीच्या नोंदी कागदावर आणून द्यायचे. फोनवर नोंद करायला अण्णा एकटे तयार झाले. त्यांना मीच शिकवलं. त्यांच्या दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, रान जवळ होतं, म्हणून तिथंच बांधावर उभं राहून त्या रानाच्या सहा तुकड्यांच्या सहा नोंदी सरावासाठी त्यांच्याकडून भरून घेतल्या. तोवर फोनवरून आलेल्या नोंदी तेवढ्याच; बाकी सगळ्या कागदावरून चढवलेल्या. बरोबर भरल्या होत्या त्यांनी. एकूणएक.

कच्चं काम माझं होतं. फोनवरून येणारी वयं, आकडे बरोबर असूनही, मजकूर म्हणून येत होती, हे मी पाहिलंच नव्हतं.

यादी दाखवायच्या दिवशी संचालक खुर्च्यांवर बसले, चहा आला, मी बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. सहा नोंदींचं वय आकडा नाही, म्हणून काम थांबलंय. थांबायलाच हवं होतं — त्या दोन ओळी त्याचसाठी होत्या की. मी काय केलं? वायर सैल आहे म्हणालो, लॅपटॉप स्वतःकडं फिरवला आणि दोन्ही ओळी पुसल्या. नंतर बघू म्हणून. यादी सर्रकन आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळच्या आत ती छापून कारखान्याच्या फलकावर लागली.

तीनशे नव्वद दिवसांच्या उसात पुराचे शून्य दिवस मिळवायचे होते. शून्य शेजारी चिकटलं, तीन हजार नऊशे झाले. दहा वर्षं रानात उभा असलेला ऊस कुणी बघितलाय? पण फलकावर वय नव्हतं, फक्त नाव आणि क्रमांक. पहिले सहाच्या सहा नंबर अण्णांच्या दाजींचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात माणसं जमली. नोंदी कुणी भरल्या हे विचारायला वेळ लागला नाही. मी ऑफिसात बसून अर्ध्या तासात चूक शोधली, वयं आकड्यांत बदलली, दोन ओळी परत घातल्या आणि मुकाट्यानं नवी यादी पाठवली. दाजी शंभराव्या नंबराच्याही खाली गेले. त्यानं काय झालं असेल? बोंब उठल्याबरोबर यादी सरळ झाली, म्हणजे आधी कुणीतरी ती वाकवली होती — हे आता पक्कंच झालं.

बैठकीत शेती अधिकाऱ्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, कॉम्प्युटर चुकला का माणूस? अण्णा दाराशी उभे होते. मी म्हणालो, "कॉम्प्युटर भरलेलंच दाखवतो."

एवढंच बोललो. त्यातला एकही शब्द पुढं बदलला नाही.

नंतर व्हरांड्यात अण्णांनी मला गाठलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच होतं.

"सायेब, माझ्याच हातनं कायतरी चुकीचं दाबलं गेलं असंल, व्हय?"

"असेल अण्णा," मी म्हणालो. "होतं असं."

त्यांना गटावरून काढून फाटकावर बसवलं. त्या हंगामात त्यांनी स्वतःच्या उसाची तोड आपणहून सगळ्यात शेवटी मागून घेतली, लोकांनी बघावं म्हणून. एप्रिलपर्यंत तो ऊस तुरे येऊन वाळत उभा होता. रस्त्यालगतच होता. माझं कारखान्यावर जाणंयेणं त्याच रस्त्यानं होतं, आणि मला लाज वाटायची, पण मी गाडी कधी थांबवली नाही. पुसलेल्या आणि परत घातलेल्या त्या ओळींची नोंद, माझ्या नावासकट आणि वेळेसकट, अजून माझ्याकडं आहे. कुणी मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात हातकणंगल्याच्या स्टेशनवर अण्णा भेटले. थकले होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. लेकीकडं पुण्याला जायचं होतं, तिनं तिकिटाचा फॉर्म फोनवर पाठवला होता. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"तुमीच भरा की. मी आता फोनवर काय दाबत न्हाय. एकदा चुकलोय न्हवं."

मी फोन घेतला. नाव भरलं. मग वय विचारलं. एकसष्ट म्हणाले. तो रकाना आकड्याशिवाय दुसरं काही घेत नव्हता. मी एकसष्ट टाकलं, फोन त्यांच्या हातात दिला, आणि ते मला धन्यवाद म्हणाले.