धनराजच्या कॉम्प्युटरला तळ्याचं पाणी

भद्रावतीत धनराजचं कूलर आणि मोटारी दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. घर मात्र जवळच्याच एका खेड्यात, तळ्याच्या काठाला. त्याचे वडील दादाजी जन्मभर त्या तळ्यात जाळं टाकत आले होते. पोराने जाळ्याला कधी हात लावला नाही, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या मनात सलत असे. ती तो बोलून दाखवत नसे. राग निघायचा तो कॉम्प्युटरवर.

"त्या डब्ब्यासमोर बसून बसून कुबड निघन तुले," तो म्हणायचा.

ही गोष्ट २००४ सालची. धनराजने नागपूरहून एकेक भाग आणून तो कॉम्प्युटर घरीच स्वतः जोडला होता. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगाने पळवायचा, हा त्याचा नाद. पण वेग वाढवला की आतला प्रोसेसर तापायचा, आणि चंद्रपूरकडचा उन्हाळा सुरू झाला की मशीन आपोआप बंद पडायचं. पंखे लावून काही भागेना. अशात एका जुन्या मासिकात त्याने पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरचा फोटो पाहिला, आणि त्याची झोप उडाली.

तसलं सामान नागपुरातही मिळेना. मग त्याने प्रोसेसरवर बसवायला तांब्याचा जाड तुकडा घेतला, कानसीने घासून त्यात पाणी फिरायला बारीक नाल्या पाडल्या आणि वर झाकण बसवून डाख दिला. भंगारातून मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणला. पंप कूलरचा. पाइप म्हणाल तर गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तो, आरपार दिसणारा.

सगळं जुळल्यावर बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी भरायचं होतं. कॅन आणून ठेवला होता. तेवढ्यात दादाजी आतून कळशी घेऊन आला.

"पाण्याचं काम हाय ना? मंग पहिलं पाणी आपल्या तळ्याचं."

त्यांच्या घरी नवं जाळं आधी तळ्यात भिजवायचे, धनराजची माय रंभा त्याला हळदकुंकू लावायची, मगच ते कामाला घ्यायचे. आज रंभाही ताट घेऊन उभी होती. तळ्याचं पाणी चालणार नाही, हे धनराजला पक्कं ठाऊक होतं. पण बाप त्याच्या कामात पहिल्यांदाच हात घालत होता. त्याने पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं आणि निमूट भरलं.

मशीन गारेगार चालू लागलं. दादाजी रोज संध्याकाळी येऊन पाइपातलं पाणी फिरताना बघत बसायचा. कुबडाची गोष्ट त्याने सोडून दिली.

मे महिना लागेपर्यंत पाइप हिरवा झाला. शेवाळाने नाल्या बुजल्या. भद्रावतीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पत्रू नेमका बघायला आला, आणि त्याच्यासमोर मशीन धाडकन बंद पडलं.

"धनराजभाऊ, कॉम्प्युटर बनवला का शेतातली पाणी साचवायची बोडी? धान लावता का आता यात?"

"रविवारी दुपारी ये. पाच वाजेपर्यंत बंद पडला, तर पुन्हा याले हात लावणार नाई," धनराज बोलून गेला.

बोलायला बोलला, पण बापाने भरलेलं पाणी ओतायचं कसं? चोरून बदलावं, तर म्हातारा रोज बघायला येतो. शनिवारी तो रिकामी बादली पुढे घेऊन नुसता बसून राहिला.

"काऊन बसला असा?" दादाजीने विचारलं.

"पाणी खराब झालं, बाबा. फेकाव लागते."

दादाजी पाइपाजवळ वाकला. हिरव्या पाइपावर बोटाने टिचकी मारून बघितली.

"मंग फेक ना. जाळं पहिल्यांदा तळ्यात भिजवतो म्हणून ते तळ्यातच सडू देतो का आपण? काढतो, धुतो, वाळू घालतो. हे आधी सांगाव का नाई मले?"

असं म्हणून त्याने स्वतःच पाइप ओढून काढला. धनराजने डाख वितळवून तांब्याच्या तुकड्याचं झाकण उघडल्यावर त्यातली एकेक नाली म्हाताऱ्याने काडीने साफ केली, जाळ्यात अडकलेला गाळ काढावा तशी. झाकणाला पुन्हा डाख दिल्यावर कॅनमधलं पाणीही म्हाताऱ्यानेच ओतलं.

रविवारी बाहेर अंगाची लाही होत होती. सकाळचं लोडशेडिंग संपलेलं. पत्रू खुर्ची ओढून बसला आणि धनराजने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. तीन वाजले, चार वाजले. पत्रू दोनदा पाणी प्यायला, एकदा पेंगलाही. पाच वाजून गेले तरी मशीन चालूच. पत्रूने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "सरक भाऊ, आता मले खेळू दे."

"थांब, एवढी एक होऊ दे."

तेवढ्यात दादाजी आपल्या सोबत्याला, लटारूला, हाताला धरून घेऊन आला. लटारूचा तळवा त्याने रेडिएटरसमोर धरला.

"गरम हवा लागते ना? आतली सारी गरमी पाणी भायेर आणून टाकते."

लटारूने हात मागे घेतला. "पण याचा फायदा काय, दादाजी?"

"फायदा काऊन पायजे रे? असा दुसरा कोणापाशी हाय का इथी? माह्या पोरानं बनवला."

धनराजची गाडी वळणावर सरळ जाऊन भिंतीला आदळली. पत्रू खो खो हसला. धनराजने पडद्यावरची नजर काढली नाही, नुसतं पुन्हा सुरूचं बटन दाबलं.