कुडव्याच्या फीडरवरचे मासे

मला मासे खायला आवडतात, पाहायला नाही. मी केशोरीची. आमच्याकडे बोडीतला, म्हणजे गावच्या लहान तळ्यातला, मासा घरी आला की सरळ विळीवर जातो. त्यामुळे आमचे हे नागपूरहून पाण्यानं टम्म फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले आणि लहान पोरासारखे हसत म्हणाले, "शार्क आहेत," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"शार्क कायले आणले? माणसं कमी चावून राहिली का तुमाले?"

बोलणं त्यांनी तेव्हा सोडूनच दिलं होतं.

हे सबस्टेशनवर ऑपरेटर होते. दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. कोणत्या भागाची लाईट कधी बंद ठेवायची याचं वेळापत्रक ठरलेलं असायचं, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर आणखी फोन यायचे, अमुक फीडर पाडा. फीडर म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी लाईन, आणि पाडणं म्हणजे ती बंद करणं. हुकूम वरचा, पण बटण दाबणारा हात ह्यांचा. लोकांना वरचे कुठं दिसतात? ते गेटवर येऊन ह्यांच्याच आईबहिणीचा उद्धार करून जायचे. एकदा दगडही आले. मग घरी आल्यावर हे मुकाट जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मी विचारलं तर "हो", नाहीतर "नाही". मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता, घरात आम्ही दोघंच. वाटायचं, भिंतीशीच लग्न लावून दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यात शेजारीण. चांगली बाई, पण जीभ तिखट. लाईट गेली की कंपाउंडवरून विचारायची, "भाभी, तुमच्याकडची तर जातच नसंल ना?" आमची कॉलनी कुडव्यातली, म्हणून आम्हीही कुडव्याच्याच फीडरवर, तिची जायची तेव्हा आमचीही जायची. मी दार सताड उघडून बंद पंखा दाखवायची. तरी तिचा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसायचा नाही.

तर मासे. चार होते, त्यांच्यासाठी बैठकीत काचेची टाकी आली, तिच्यात पाण्याला हवा देणारा पंप बसला. चांदीसारखे अंग, काळे पर, पराला पांढरी किनार, तोंडाला मिशा. खरे शार्क नव्हतेच, दुकानदार तसं म्हणतात म्हणून शार्क. मिशा बघूनच मला कळलं होतं की ही आपल्या शिंगी-मागूरची भावकी आहे. पण आमची मागूर चिखलात गप पडून राहते, या शार्कांना क्षणभर चैन नाही. चौघं मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वळायचं तर सगळे एकदम. एक पंपामागं गेला की बाकीचे तिघं लगेच बघायला हजर. गेटवर ह्यांची गाडी वाजली की चौघंही काचेला नाक लावून उभे.

आणि हे बोलायला लागले. आधी माशांशी. घरात पाय टाकल्याबरोबर, "पोट्टे जेवले का?" मग पोट्ट्यांना झिंगे घालता घालता दिवसभराचं सगळं बाहेर यायचं, कुणी काय शिवी दिली, कुठं तार तुटली, साहेब काय म्हणाले. मी बाजूला भाजी निवडत ऐकत बसायची. हळूहळू मान माझ्याकडे वळली. काय सांगू, मला मासे नको होते, बोलणारा नवरा पाहिजे होता. तो माशांबरोबर आला, तर मासे तर मासे! झिंगे धुऊन द्यायला मीच लागले.

वाढले तसे मासे मलूल झाले. पर मिटून घेतले, अंगावर पांढरं आलं. ह्यांनी नागपूरला फोन केला तर दुकानदार आता म्हणतो, हे नदी समुद्राला मिळते तिथले मासे, लहानपणी गोड्या पाण्यात चालतात, मोठेपणी मीठ लागतं. आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला! समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं. मग किराण्यातून खड्याचं मीठ आणायला लागले. शेठ विचारायचा, "क्या भाभीजी, अचार का धंदा शुरू किया क्या?" मी म्हणायची, "हौ, शार्क का अचार." मीठ बादलीत विरघळवून थोडं थोडं टाकीत घालायचं. मोजायचं यंत्र वगैरे आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी बोट बुडवून जिभेला लावायची. बिघडलेलं वरण चाखून बघावं तसं. ह्यांचा माझ्या जिभेवर पूर्ण भरवसा होता. मासे सुधारले, पर उघडले, आणि बघता बघता हातभर झाले. हे टाकीत हात घालायचे आणि चौघं ओळीनं हाताला अंग घासून जायचे. घरात दोन माणसं आणि चार पोट्टे, इतकं सुख मला पुरत होतं.

मग तो मे महिन्यातला दिवस. सकाळची ठरलेली लाईट गेली, त्यात पंपापुरत्या घेतलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी संपली. लाईट आली, पंप सुरू झाला, मी सुटकेचा श्वास सोडते तोच ऐन दुपारी पुन्हा गेली. ही वेळापत्रकातली नव्हती. आधीच ते मिठाचं पाणी, त्यात उन्हानं तापलेलं, त्यात एवढाले मासे. थोड्याच वेळात चौघं वर आले आणि तोंड उघडून पाण्यावरची हवा ओढायला लागले.

मी सबस्टेशनला फोन लावला.

"आपला फीडर कोणी पाडला?"

"म्या."

"चालू करा ना. पोट्टे वर येऊन राहिले."

"वरून आलं आहे. कुडवा म्हणून नाव घेऊन सांगतलं."

"थोड्या वेळापुरता दुसरा पाडा."

"दुसऱ्या फीडरवर लोकं नाहीत का?"

फोन ठेवला. पुन्हा लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज.

मग मी मग्गा घेतला आणि टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतायला लागले, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. तेवढ्यात शेजारीण आली, नेहमीचं विचारायलाच आली असणार. माझा अवतार बघून तिनं घरून लोटा आणला आणि ओतायला लागली. खांदे भरून आले. पण ते चौघं एकाच कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेले. मी हातानं ढकलायची, ते परत तिथंच यायचे. टाकी एवढी मोठी, आणि चौघं ओंजळभर पाण्यातली हवा वाटून घेत होते. वेगळे व्हा रे, मी ओरडत होते, वेगळे व्हा! एकाला उचलून बादलीत टाकायला गेले तर त्याच्या पराचा काटा तळहातात घुसला. हात आगीसारखा पेटला.

लाईट आली तेव्हा तीन उलटे झाले होते. एक जिवंत होता.

हे संध्याकाळी आले. गेटवर गाडी वाजली, आणि थोडा वेळ वाजतच राहिली. आत आले, टाकीकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या हाताकडे बघितलं. मागच्या अंगणात खड्डा केला आणि तिघांना एकत्रच पुरलं.

मला राग आला होता, खोटं कायले बोलू. दुसऱ्या फीडरवर दवाखाना असेल, कुणाचं तान्हं मूल असेल, सगळं मला समजत होतं. तरी वाटत होतं, जन्मात एकदा ह्या माणसानं माझ्यासाठी बेइमानी केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? असाही कॉलनीत कोण त्याला इमानदार समजत होतं! शेजारणीनं आता घरोघरी सांगितलं, त्यांच्याही घरची जाते हो, डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे आमची पत वाढली. आग लागो त्या पतीला.

राहिलेला एक पंपामागं जाऊन बसला. झिंगा नाकासमोर सोडला तरी बघायचा नाही. मधेच उठून काचेवर थाडथाड आपटायचा, मिशा झिजून गेल्या. हे घरी आले की भिंतीकडे, तो पंपामागं, आणि मी मधे. शेवटी मीच म्हटलं, "नागपूरले जा, त्याच्या मापाचे दोन-तीन पाहून आणा. एकट्यानं नाही जगत तो."

ह्यांनी मान वर केली. किती तरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणू? अन् मंग पुन्हा माह्याच हातानं बंद करू?"

मी म्हटलं, "नका आणू," आणि स्वयंपाकाला लागले.

तो पावसाळ्याच्या तोंडावर मेला. मी हाक मारली तसे हे उठून आले, टाकीजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता तरी रडतील. त्यांनी पंपाचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "चला. आता लाईट गेली तरी चालते."