पेशकारसाहेबांची नाव

निजामाच्या अमदानीत आमच्या गल्लीत कचेरीतले एक पेशकारसाहेब राहत. गोदावरी गंगापूरच्याही पलीकडे, पण त्यांची शिडाची छोटी नाव औरंगाबादेत, त्यांच्या अंगणात उपडी पडलेली असे. सुट्टी आली की बैलगाडीवर चढून ती नदीला जाई आणि तशीच परत येई.

"घाटावरच बांधून ठेवा की," मी एकदा म्हणालो.

"वा मियाँ! नाव पाण्यात जावो न जावो, घाटवाल्याचं भाडं चालूच. गाडीला जाऊ तेव्हाच पैसे. हिसाब साफ आहे."

हिसाब अजिबात साफ नव्हता. गाडीभाडं आणि बैलांची वैरण मिळून घाटापेक्षा जास्त होई, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

एका सुट्टीला घाटवालाच दारात आला. कचेरीत त्याचं काही काम अडलं होतं. "साहेब, नाव आमच्याकडं ठेवा. भाडं नको," तो म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला. म्हातारा गाडीवान गाडी जुंपून उभाच होता. "बरं झालं साहेब," तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "माझी बी दगदग वाचंल."

साहेब क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग घाटवाल्यावर उखडले, "मला रिश्वत देतोस? चल निघ!"

तो गेल्यावर ते गाडीवानाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "नाव चढव. मागच्या खेपेला तुझ्या सासऱ्याची गोष्ट अर्धीच राहिली."